संपादनयोग्य इमारत

वाचकहो, पुढील मजकुरात एका सोळा पानी पुस्तिकेचे चित्रातून अक्षरांत रूपांतर कसे झाले, त्या खटाटोपात एक अख्खी इमारत दोन वेळा हातची कशी जाऊ पाहत होती, आणि एका सज्जन गृहस्थाची अब्रू एकेचाळिसाव्या पानावर कशी अडकून पडली, हा वृत्तान्त क्रमवार निवेदन करण्यात येत आहे. ज्यांस हसू येईल त्यांनी अवश्य हसावे. मात्र ज्यांच्यावर हा प्रसंग गुदरला ते त्या वेळी हसत नव्हते, एवढे ध्यानात असू द्यावे.

ते गृहस्थ म्हणजे चिटणीस. चिटणीस हे त्यांचे आडनाव नव्हते, दुखणे होते. बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीची निवडणूक ज्या दिवशी झाली त्या दिवशी ते दाढी करीत बसल्यामुळे सभेस उशिरा पोहोचले, आणि पोहोचले तेव्हा सर्वजण त्यांच्याकडे पाहून टाळ्या वाजवीत होते. पोटापाण्यासाठी ते औषधांच्या एका कारखान्यात भांडारपाल होते. तेथे चाळीस हजार बाटल्यांत एक कमी भरली तरी त्यांना जेवण जात नसे. असा नेटका मनुष्य सार्वजनिक कार्यात पडला म्हणजे त्याचे जे व्हायचे तेच त्यांचे झाले.

इमारतीला तळमजला आणि वर तीन मजले. लिफ्ट नाही. चिटणीस तिसऱ्या मजल्यावर राहत, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या मातोश्री. मातोश्रींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला त्याला चौदा महिने लोटले होते, व त्या चौदा महिन्यांत त्या एकदाही खाली उतरल्या नव्हत्या. डॉक्टर वर येत. भाजी टोपलीतून दोरीने वर येई. गल्लीतल्या बातम्या आपल्या पायांनी वर येत. मातोश्रींची कसलीही तक्रार नव्हती. फक्त एके सकाळी चहा घेताना त्या सहज म्हणाल्या, "एकदा जमिनीला पाय लावायचाय रे मला."

चिटणिसांच्या घशाखाली चहा उतरेना. त्याच दिवशी त्यांनी लिफ्टचा निश्चय केला.

लिफ्टसाठी बाराही बिऱ्हाडांची संमती हवी होती. अकरा जणांनी उभ्याउभ्या सह्या केल्या. बारावे होते तळमजल्यावरचे मास्तर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचे म्हणणे असे, की "मला तळमजल्यावरून तळमजल्यावर जायला लिफ्ट कशाला?" या युक्तिवादात काहीच खोट काढता येत नसल्यामुळे सारे प्रकरण दीड महिना खोळंबले. अखेर मास्तरांनी अर्ज तीन वेळा वाचला, त्यात शुद्धलेखनाची एकही चूक त्यांना आढळली नाही, आणि निव्वळ त्या आनंदात त्यांनी सही करून टाकली.

परवाना कचेरीला नकाशा, माहिती आणि संमती एकाच पुस्तिकेत हवी होती. ते काम चिटणिसांनी कोपऱ्यावरच्या बॅनरवाल्याकडे दिले होते. हा इसम दुकानांच्या पाट्या, वाढदिवसांचे फलक, हरवलेल्या मांजरांच्या जाहिराती, सर्व काही एकाच चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये करी, कारण दुसरा त्याला येत नव्हता. पुस्तिका मात्र देखणी झाली. मुखपृष्ठावर इमारतीच्या मागून सूर्य उगवत होता. वास्तविक त्या बाजूला पश्चिम होती. पण सौंदर्यापुढे दिशांचे काय घेऊन बसायचे?

कचेरीतल्या पाच नंबरच्या खिडकीत एक चष्मेवाल्या बाई बसत. त्यांनी चिटणिसांचा पेन ड्राइव्ह लावला, पुस्तिका पडद्यावर उघडली, सूर्याकडे दोन क्षण पाहिले आणि म्हणाल्या,

"छान आहे. पण यात मी शेरा कुठे लिहू?"

"कुठेही लिहा की," चिटणीस उदारपणे म्हणाले.

"अहो, लिहिता येत नाही तेच सांगतेय. ही तुम्हाला अक्षरं वाटतायत ना, ती अक्षरं नाहीत. अक्षरांचा फोटो आहे. आम्हाला अर्जात दुरुस्त्या कराव्या लागतात. एक वेलांटी चुकली तर मी काय सूर्यासकट पान बदलू?"

त्यांनी एक छापील पत्र काढले, रिकाम्या जागा भरल्या आणि ते खिडकीतून सरकवले. पत्रात लिहिले होते: "सदर इमारतीची पुस्तिका चित्रस्वरूपात असल्याने स्वीकारता येत नाही. सबब ती संपादनयोग्य स्वरूपात दहा दिवसांचे आत सादर करावी, अन्यथा प्रकरण निकाली काढण्यात येईल."

"निकाली काढलं तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून रांग. सध्या रांग पावणेदोन वर्षांची आहे."

मातोश्रींचे वय एकोणऐंशी होते. चिटणिसांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि ती लगेच विसरण्याचा प्रयत्न केला.

सोसायटीचा कारभार पारदर्शक असावा असे त्यांचे मत असल्याने त्यांनी घरी येताच ते पत्र खालच्या सूचनाफलकावर लावले. या पारदर्शकतेने पुढे काय अनर्थ केला ते यथाक्रम येईलच. तूर्त आपण दुसऱ्या मजल्यावर जाऊ, कारण चिटणीसही तेथेच गेले.

दुसऱ्या मजल्यावर विमावाले राहत. विमावाल्यांना जगातील सर्व गोष्टी माहीत होत्या. आपल्याला कोणती गोष्ट माहीत नाही, तेवढेच त्यांना माहीत नव्हते.

"हे तर दोन मिनिटांचं काम, चिटणीससाहेब," ते म्हणाले. "फाइलच्या नावाला मागे एक शेपटी असते बघा, तीन अक्षरांची. ती उडवायची आणि कागदपत्राच्या फाइलची शेपटी लावायची. कॉम्प्युटरला काय कळतंय? तो नाव वाचतो आणि गप्प बसतो."

शेपटी बदलण्यात आली. कॉम्प्युटर गप्प बसला नाही. फाइल बिघडलेली असून आपण ती उघडणार नाही, असे त्याने स्वच्छ कळवले.

"मांजराला कुत्र्याची शेपटी लावली म्हणून ते भुंकायला लागतं होय?" चिटणिसांची पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली. चिटणिसांनी हे बोलणे ऐकू आले नाही असे दाखवले. पतीला काही गोष्टी ऐकू न येणे हे संसाराच्या दृष्टीने हितावह असते.

विमावाल्यांकडे दुसराही उपाय होता. चित्रे जशीच्या तशी उचलून कागदपत्राच्या कोऱ्या पानांवर चिकटवायची. हा उपाय साधला! सोळाच्या सोळा पाने चिकटली, शेपटीही खरी होती. सहाव्या दिवशी चिटणीस ताठ मानेने पाच नंबरच्या खिडकीपुढे उभे राहिले.

"बघू हं," बाई म्हणाल्या. "या वाक्यातलं 'सदरहू' नकोय. काढते."

त्यांनी एक कळ दाबली. पडद्यावरून 'सदरहू' गेले. त्याच्यासोबत वाक्य गेले, परिच्छेद गेला, तिन्ही मजले, तळमजला आणि मागचा सूर्य, सर्व काही गेले. पांढरेफटक पान उरले.

"गेली तुमची इमारत," बाई म्हणाल्या.

रांगेत मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी हळहळून चिटणिसांच्या खांद्यावर हात ठेवला. "अरेरे! किती मजली होती हो?"

चिटणीस तडक बॅनरवाल्याच्या दुकानात गेले. बॅनरवाल्याने त्यांना स्टुलावर बसवले, पाणी दिले आणि समजावणीचा सूर लावला.

"दादा, ही फाइल म्हणजे एक कागद नाही. काचा आहेत. एकीवर एक ठेवलेल्या. एका काचेवर आकाश, एकीवर इमारत, एकीवर अक्षरं. वरून बघितलं की एकच चित्र दिसतं."

"किती काचा?"

"मोजल्या नाहीत. दोनशेच्या आत असतील."

"सोळा पानांना दोनशे?"

"तुम्ही बदल किती सांगितलेत, आठवा! मी जुनं काही पुसत नाही. गिऱ्हाइकाचं काय, चार दिवसांनी येऊन म्हणतं, आधीचंच बरं होतं. म्हणून मी नुसता डोळा मिटतो." त्याने पडद्याच्या कडेला बोट दाखवले. तेथे प्रत्येक काचेच्या नावापुढे एक इवलासा डोळा काढलेला होता. एका डोळ्यावर टिचकी मारताच सूर्य मावळला. पुन्हा मारताच उगवला. "डोळा मिटला की ती काच दिसत नाही. असते तिथेच. पण दिसत नाही."

ही कला पाहून चिटणिसांना कौतुक वाटले. वास्तविक भीती वाटायला हवी होती.

चित्राचे कागदपत्र करून देणारी एक जागा बॅनरवाल्याला इंटरनेटवर सापडली. एका बाजूने फाइल घालायची, दुसऱ्या बाजूने कागदपत्र बाहेर. त्याने घातली. बाहेर आली ती चौऱ्याण्णव पाने.

त्या यंत्राने सोळा पानांची चौऱ्याण्णव कशी केली? त्याने सर्व डोळे उघडले होते. प्रत्येक काच निराळी काढून तिचा मजकूर निराळ्या चौकटीत बसवला होता. शिवाय अक्षरांचा घोळ. पुस्तिकेतली नक्षीदार अक्षरे जुन्या वळणाची होती. ती फक्त बॅनरवाल्याच्या कॉम्प्युटरवर मराठी बोलत. बाहेर पडताच त्यांनी भाषा टाकली, आणि जेथे 'लिफ्ट' होते तेथे डॉलरची चिन्हे, उलटे स्वल्पविराम व टोप्या घातलेली परदेशी अक्षरे दिसू लागली. याउलट बॅनरवाल्याने चिटणिसांचे तोंडी सांगणे घाईघाईने टिपून घेतलेले कच्चे मजकूर, ज्यांचे डोळे मिटलेले होते, ते मोबाइलवर चालतात तशा साध्या अक्षरांत होते. ते मात्र अगदी स्वच्छ उमटले. थोडक्यात सांगायचे तर, जगाला दाखवायचे तेवढे वाचता येत नव्हते, आणि झाकून ठेवायचे तेवढे वाचता येत होते.

चिटणिसांनी ती सर्व पाने छापून घेतली आणि रस्त्यात चालता चालता चाळली. एकेचाळिसाव्या पानाशी त्यांचे पाय थांबले. त्या पानावर, मास्तरांची सही व्हायची होती त्या काळातले, त्यांचे स्वतःचे बोलणे जसेच्या तसे उमटलेले होते:

"लिहा, सर्व सभासदांची संमती आहे. म्हणजे तळमजल्यावरचा तो म्हातारा सोडून. त्याला जिना चढावा लागत नाही म्हणून जगाने चढत बसायचं. हे नका लिहू. अहो, हेही नका लिहू. टाइप करायचं थांबवा हो."

चिटणिसांनी ते पान काढले, आठ घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवले. खिसा जड झाला.

इमारतीशी पोहोचतात तो फाटकापाशी ही गर्दी! सूचनाफलकासमोर मास्तर काठी टेकून उभे होते आणि शाळा भरल्यासारखे सर्वजण त्यांच्याभोवती.

"'सदर इमारत' आणि 'संपादनयोग्य'," मास्तर पत्रावर काठी टेकवीत म्हणाले. "संपादन म्हणजे काय? घेणे. हस्तगत करणे. भूसंपादन ऐकलंय ना? सरकार जमीन घेतं ते. तशी आपली इमारत घेण्यायोग्य ठरली आहे. दहा दिवसांत सादर करायची आहे."

"अहो, पुस्तिका सादर करायची आहे!" चिटणीस गर्दीत घुसत ओरडले.

"आधी पुस्तिका, मग इमारत. हे असंच सुरू होतं," विमावाले म्हणाले. "मी तर पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. लिफ्टचा अर्ज केला नसता तर त्यांचं लक्षही गेलं नसतं आपल्याकडे."

चिटणिसांनी बाजू मांडली. ती कोणी ऐकली नाही. संध्याकाळपर्यंत नऊ बिऱ्हाडांनी लिफ्टची संमती लेखी मागे घेतली, आणि नऊही अर्ज शुद्ध भाषेत होते, कारण ते मास्तरांनी तपासून दिले होते. चिटणीस घरी येऊन नुसते बसले. आईने काय झाले म्हणून विचारले. ते काही नाही म्हणाले. पण गॅलरीतून ऐकू येण्यासारखे सर्व मातोश्रींनी ऐकलेले होते.

"सभा बोलाव," त्या म्हणाल्या. "घर माझ्या नावावर आहे. मी सभासद आहे. आणि मला खाली येता येत नाही, तेव्हा सभा इथे होईल. वर."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या मोकळ्या जागेत सभा भरली. इमारतीत राहायला आल्यापासून एकोणीस वर्षांत मास्तर प्रथमच वर येत होते. चोपन्न पायऱ्या. पहिल्या मजल्यावर त्यांनी कठड्याला धरले, दुसऱ्यावर ते विमावाल्यांच्या दारातल्या खुर्चीत बसले, आणि तिसऱ्यावर पोहोचताच चिटणिसांच्या चपलांच्या कपाटावर टेकले. पुष्कळ वेळ त्यांच्याने बोलवेना. सभेचे इतके शांत कामकाज पूर्वी कधी झाले नव्हते.

मातोश्री दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "मास्तर, पाणी घ्या आधी. मग भांडा."

मास्तरांनी पाणी घेतले आणि संपादन शब्दाचा अर्थ पुन्हा विशद केला. धनसंपादन, पुण्यसंपादन, भूसंपादन. सर्वांनी माना डोलावल्या.

"मला एक विचारायचंय," मातोश्री म्हणाल्या. "तुमच्या शाळेचं वार्षिक निघायचं, त्याचे संपादक कोण होते?"

"मीच," मास्तरांचा चेहरा उजळला. "अकरा वर्षं सलग."

"मग त्या अकरा वर्षांत कोणाकोणाची घरं घेतलीत?"

मग पहिल्या मजल्यावरच्या कोणीतरी फिसकन हसले, आणि बघता बघता सारा जिना हसू लागला. विमावाले सर्वांत मोठ्याने हसले व म्हणाले, "मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो!"

मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी पत्र मागून घेतले, चष्मा पुसून पुन्हा वाचले. "'संपादनयोग्य स्वरूपात,'" ते हळूच म्हणाले. "स्वरूपात. हा शब्द माझ्याकडून सुटला." शब्द सुटणे ही त्यांच्या दृष्टीने फार मोठी कबुली होती. "म्हणजे दुरुस्त्या करता येतील असं. चिटणीस, आणा तुमची पुस्तिका. संपादनच हवं असेल तर ते कसं करतात मी दाखवतो."

"पण ती कागदपत्रात कशी आणायची?" चिटणीस रडवेले होऊन म्हणाले. "शेपटी झाली, चिकटवणं झालं, यंत्र झालं. तीनच दिवस राहिलेत."

"सोळाच पानं आहेत ना?" त्यांची पत्नी म्हणाली. "मग कोणी बसून टाइप का करत नाही?"

सात दिवसांत हा विचार एकाही पुरुषाच्या डोक्याला शिवला नव्हता.

"लग्नाआधी सहा वर्षं मी टायपिस्ट होते," ती पदर खोचीत म्हणाली. "मला कोणी विचारलंच नाही."

जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला गेला. मास्तर पुन्हा उतरून चढण्याच्या मनःस्थितीत नसल्यामुळे तेथेच बसले, आणि सूर्यवाली छापील पुस्तिका हातात धरून सांगू लागले. "सोसायटीच्या वतीने, स्वल्पविराम, विनंती करण्यात येते की, स्वल्पविराम नको." पत्नीची बोटे अशी चालत होती की चिटणीस पाहतच राहिले. बावीस वर्षे ही बोटे त्यांनी फक्त कणीक मळताना पाहिली होती.

सर्व सुरळीत चालले असता मास्तर म्हणाले, "मूळ संहितेशी ताडून पाहिल्याशिवाय मी संपादन पुरं समजत नाही. ती यंत्रातून निघालेली पानंही द्या."

चिटणिसांनी गठ्ठा दिला. मास्तर एकेक पान उलटू लागले. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. बेचाळीस.

"एकेचाळीस कुठे आहे?"

"नसेल छापलं," चिटणीस म्हणाले. खोटे बोलताना ते खिशावर हात ठेवतात हे त्यांना ठाऊक नव्हते. मास्तरांना शाळेतल्या चाळीस वर्षांत ते चांगले ठाऊक झालेले होते. त्यांनी नुसता तळवा पुढे केला.

आठ घड्या उलगडल्या गेल्या. मास्तर वाचू लागले. टाइप करणे थांबले. मातोश्री दारातून पाहत होत्या. चिटणिसांच्या मनात पावणेदोन वर्षांची बेरीज पुन्हा सुरू झाली.

मास्तरांनी खिशातून लाल पेन काढले. 'सोडून' या शब्दावर काट मारली आणि वर 'वगळता' असे लिहिले.

"लेखी भाषेत 'सोडून' येत नाही," ते म्हणाले. मग आणखी एका ओळीवर पेन टेकवून ते किंचित थांबले. "'तो म्हातारा' राहू द्या. त्यात चूक नाही." पान त्यांनी चाळीस आणि बेचाळीसच्या मधे नीट ठेवले. "चोपन्न पायऱ्या आहेत हो वर यायला. मला खरंच कल्पना नव्हती. हं, पुढचं वाक्य. पूर्णविराम."

नवव्या दिवशी चिटणीस पाच नंबरच्या खिडकीपुढे उभे राहिले. खिशात नऊ बिऱ्हाडांच्या नव्या संमती होत्या, तिसऱ्यांदा तपासलेल्या. बाईंनी फाइल उघडली. सूर्य नव्हता, आकाश नव्हते. साधी काळी अक्षरे होती. बाईंनी 'सदरहू' शोधले आणि कळ दाबली.

'सदरहू' गेले. बाकी सर्व जागच्या जागी राहिले.

"संपादनयोग्य," बाई म्हणाल्या आणि शिक्का उचलला.

"बाई," चिटणीस खिडकीत वाकून म्हणाले, "अजून एकदा कराल का? एखादा शब्द काढून पुन्हा घालाल का? नुसतं बघायचंय."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनी 'विनंती' काढली, 'विनंती' घातली आणि शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आवाज चिटणिसांना टाळीसारखा वाटला, आणि ते रांगेतून बाहेर पडून कचेरीच्या पायरीवर बराच वेळ नुसते बसून राहिले. त्या दिवशी त्यांना दोन वेळचे जेवण व्यवस्थित गेले.

पुढे सात महिन्यांनी लिफ्ट उभी राहिली. पहिल्या फेरीत मातोश्री, चिटणीस, त्यांची पत्नी, आणि लिफ्टचे यंत्रशास्त्र समजावून सांगण्यासाठी विमावाले, एवढे उतरले. खाली दार मास्तरांनी उघडले. मातोश्रींनी उंबऱ्यापाशी चपला काढल्या, आणि एक पाय जमिनीवर ठेवला, मग दुसरा. कोणी काही बोलले नाही. विमावालेसुद्धा.

मास्तरांनी आपल्या दारातली खुर्ची पुढे केली. मातोश्री बसल्या. येणारे-जाणारे थांबू लागले, बोलू लागले. एक तास गेला, दोन तास गेले. उन्हे उतरली तेव्हा चिटणिसांनी अदबीने विचारले,

"आई, वर जायचं का?"

"तू हो पुढे," मातोश्री म्हणाल्या. "मी येईन माझी मी."

चिटणीस पुढे झाले. लिफ्ट आईसाठी खालीच उभी राहावी म्हणून ते चोपन्न पायऱ्या चढून गेले, आणि त्या दिवशी त्यांना एकही पायरी लागली नाही.

येथवर ज्यांनी हा मजकूर धीराने वाचला, त्या सर्व वाचकांचे हात जोडून आभार. लिहिण्यात काही उणेअधिक राहिले असल्यास ते दुरुस्त करून वाचावे. मजकूर संपादनयोग्य आहे.

आपला नम्र,
आबा बाइंडर